पिवळ्या रांगोळीची घरं

फिल्डवर्कच्या वहीत 'भीती' हा शब्द लिहायचा नसतो. असा नियम कुठं छापलेला नाही, पण एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्याच महिन्यात तो आपोआप कळतो. वस्तीतलं कुत्रं अंगावर धावून आलं तरी लिहायचं, 'विद्यार्थिनीला सुरुवातीला थोडा संकोच वाटला.' माझी पहिल्या वर्षाची वही उघडून पाहिली तर माझ्याइतकी संकोची मुलगी अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायची नाही. खरं सांगायचं तर मी भित्री आहे. आणि भित्र्या माणसांचं असतं तसं मला रागही पटकन येतो.

मला मिळालेलं गाव चिचगडच्या पुढं होतं, जंगलाला लागून. दर गुरुवारी आणि शुक्रवारी जायचं. आमगावहून सकाळच्या बसनं देवरी, तिथून चिचगड, आणि मग तीन किलोमीटर पायी. त्या वाटेवर अस्वल दिसल्याची बातमी दर आठवड्याला कोणी ना कोणी द्यायचंच. माझ्या जोडीला वर्गातली एक मुलगी होती, पोवारांच्या घरातली, देवरीजवळची. ती मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून चालायची, म्हणजे अस्वल आधीच पळेल. मी तिच्या ज्या बाजूला जंगल नसेल त्या बाजूनं चालायचे.

गावात तीन टोले, म्हणजे तीन वस्त्या होत्या. एक गोंडांचा, एक पोवार शेतकऱ्यांचा आणि एक आमच्या लोकांचा, म्हणजे बौद्धांचा. गोंडांच्या म्हाताऱ्या गोंडीत बोलायच्या आणि आम्ही दोघी माना डोलवायचो. अर्धं कळायचं नाही, पण तिथं मला कधी धास्ती वाटली नाही. पोवारांकडं जोडीदारीण पोवारीत दोन वाक्यं बोलली की चहा ठरलेला. भीती वाटायची ती तिसऱ्या टोल्यात, आपल्याच लोकांची. बाकीच्या दोन टोल्यांत विचारायचे, कोणत्या कॉलेजच्या? इथं पहिला प्रश्न, "आमगावची का तू? कोनाची पोट्टी होय?" दुसरा प्रश्न आईच्या माहेराचा, आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघायचं. गोंडांच्या टोल्यात मी समाजकार्याची विद्यार्थिनी होते. इथं मी तेवीस वर्षांची, लग्न व्हायची राहिलेली, कोणाची तरी पोट्टी होते.

आणि माझ्याजवळ लपवायला एक गोष्ट होती. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली की कार्ड मिळतं. काहीच नसलं तर पांढरं, आजार असला तर लाल. आणि स्वतःला आजार नाही पण रक्तात त्याचा अंश आहे, म्हणजे माणूस वाहक आहे, तर पिवळं. पिवळ्या कार्डाच्या माणसाला काही होत नाही. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर मात्र लेकराला खरा आजार व्हायची भीती असते. माझं कार्ड पिवळं. ते आलं त्या दिवशी आईनं पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवलं आणि म्हणाली, "कोनाले सांगू नोको. लगन व्हायचं आहे अजून." मी नाही सांगितलं. गावोगावी पोस्टर धरून, 'लपवू नका, तपासणी करा' असं मी खणखणीत आवाजात सांगत होते, आणि माझं कार्ड पेटीत होतं.

दुसऱ्या सत्रात गावाचा नकाशा करायचा होता. हा कागदावर करत नाहीत. गावातल्या बायांना गोळा करून जमिनीवरच रांगोळीनं रस्ते, घरं, बोडी, शाळा काढायच्या, आणि त्यांनीच दाखवायचं की कुठं काय आहे. अंगणवाडीच्या पटांगणात आम्ही सकाळपासून बसलो. पांढऱ्या रांगोळीचे रस्ते, निळ्या रांगोळीची बोडी, म्हणजे गावतळं, जंगलाच्या जागी खरी पळसाची पानं. गरोदर बाईच्या घरावर चिंचोका ठेवायचा. बायांना मजा यायला लागली. माझी छाती फुगली, आणि मला वाटलं, याच नकाशात सिकलसेलही दाखवू.

गावात एक आशा कार्यकर्ती होत्या, त्यांना सगळे आशाताईच म्हणायचे. वाहक किती आहेत ते मोजायला त्यांनी मला रजिस्टर दाखवलं होतं. मी नुसतं मोजलं नाही, घरनिहाय उतरून घेतलं. गोपनीयतेचा धडा मला पाठ होता. नाव उघड करायचं नाही. मी एकही नाव उघड केलं नाही. मी फक्त सहा घरांवर पिवळ्या रांगोळीची चिमूट सोडली.

ऐंशी घरांच्या गावात बोडीच्या काठचं, कडुनिंबाशेजारचं, पश्चिमेकडं दार असलेलं घर कोणाचं हे सांगायला नाव कशाला लागतं? हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरीला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी धडा वाचून आले होते.

त्या दिवशी बौद्धांच्या टोल्यात एक पाहुणी आली होती. तिथल्या एका मुलीचं लग्न केशोरीला जमलं होतं आणि तीन आठवड्यांनी साक्षगंध होतं. साखरपुड्याला आमच्याकडं साक्षगंध म्हणतात. मुलाची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, साडीवरच्या ब्लाऊजचं माप न्यायला आली होती, आणि मुलीच्या आईबरोबर गंमत बघायला पटांगणात येऊन बसली होती. तिनं वाकून बोडीच्या काठच्या, म्हणजे त्या मुलीच्याच घरावरच्या चिमटीवर बोट ठेवलं.

"हे पिवळं कायचं होय बाई?"

मला कोणी प्रश्न विचारला की फार आनंद व्हायचा. मी हसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही सिकलसेलच्या वाहकांची घरं."

पाहुणीचं बोट अजून तिथंच होतं. तिनं मुलीच्या आईकडं पाहिलं. मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलगी बोअरिंगवरून डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन येत होती, ती तशीच उभी राहिली आणि गुंडातलं पाणी तिच्या खांद्यावरून सांडत राहिलं. पाहुणी उठली, पिशवी उचलली आणि चिचगडच्या रस्त्याला लागली. माप तिनं घेतलं नाही.

माझ्या जोडीदारणीनं पायानं नकाशा पुसायला घेतला. मी तिथंच बसले होते.

तो शुक्रवार होता. पुढचा गुरुवार यायला सहा दिवस होते आणि त्या सहा दिवसांत मी एकच चित्र बघत राहिले. आमच्याकडं प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतं, सपरीत, म्हणजे पडवीत, खुंटीला लटकवलेलं. त्या मुलीच्या घरीही असणार. फोन वाजला की मला घाम फुटायचा. आशाताईंना फोन करून विचारायची हिंमत मला झाली नाही. विचारलं नाही तोवर काही झालेलं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. जेवण जात नव्हतं. आई म्हणाली, "परीक्षेचा कायले एवढा भेव घेतेस?" मी हो म्हटलं.

सोमवारी वही फिल्डवर्क बघणाऱ्या मॅडमकडं गेली. मी लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीकडून गोपनीयतेसंदर्भात काही त्रुटी राहिली.' मॅडमनी वही मिटली आणि म्हणाल्या, "त्रुटी म्हणजे काय, ते तोंडानं सांग." मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं; मला चिडायला तरी मिळालं असतं. मी म्हणाले, "मॅडम, मला गाव बदलून द्या." त्या म्हणाल्या, "गुरुवारी त्याच घरी जा. आधी दुसरीकडं कुठं जाऊ नकोस." आणि पुढच्या मुलीची वही ओढली.

गुरुवारी अस्वलाची भीती वाटली नाही एवढं खरं. आलंच असतं तर गावात जायचं टळलं असतं. त्या घराच्या दाराशी पोचले तेव्हा मुलगी ओसरीवर तांदूळ पाखडत होती. जिवंत होती. मी खांबाला धरलं. मी "जयभीम" म्हटलं. तिच्या बापानं टोपी घातली आणि बाहेर निघून गेला. आई म्हणाली, "केशोरीहून फोन आला. थांबा म्हनतात. थांबा म्हनजे काय ते तुमाले समजते ना?"

मुलीनं सूप खाली ठेवलं. वीस वर्षांची असेल, बारावी झालेली. ती रडली असती तर मी काही पाठ केलेलं बोलले असते. ती रडली नाही.

"काऊन केलं तुमी असं, ताई? मले मालूम होतं माझं कार्ड. मी सांगनारच होती त्याले. माझ्या तोंडानं सांगनार होती, साक्षगंधाच्या आधी. त्यालेही टेस्ट कर म्हननार होती."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"ते त दिसूनच राहिलं. तुमी बिघडवलं, त तुमीच जा केशोरीले. तिथं समजावून सांगा. माझं लगन तुटलं त या टोल्यात पुन्हा पाय ठेवू नोका."

दुसऱ्याच दिवशी आशाताई मला स्कूटीवर मागं बसवून केशोरीला घेऊन गेल्या. जंगलातल्या त्या रस्त्यावर त्या मला एकच गोष्ट सांगत होत्या, "तू बोलजो. मी बोलली त म्हनतीन, हिच्या नोकरीचं काम होय." मी मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वळणावर ती विसरत होते.

घर नीटनेटकं होतं. मुलगा, त्याचे आई-बाप, आणि ती मोठी आई. पाणी दिलं, चहा दिला नाही. मी पोस्टरवरचं सगळं सांगितलं. वाहक म्हणजे आजारी नव्हे. मुलाची तपासणी करा. त्याचं पांढरं आलं तर या लग्नाला काही अडचण नाही, आणि पिवळं आलं तर तेव्हा दोघांना बसवून बोलू. बाप जमिनीकडं बघत होता. मुलाची आई मात्र सरळ माझ्याकडं बघत होती.

"आमच्या पोट्ट्याले कायले टेस्ट पायजे? तो चांगला धडधाकट आहे. अन् तुमाले सांगाले काय जाते? तुमच्या घरी थोडंच आहे हे!"

तिथं माझा राग आडवा आला. मी म्हणाले, "माझंही कार्ड पिवळंच आहे."

आशाताईंनी चमकून माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं. केशोरीतल्या निम्म्या घरांचे सोयरे आमगावला आहेत, हे वाक्य तोंडातून निघाल्यावर मला आठवलं. रागात बोलायचं आणि मग घाबरायचं, हे माझं नेहमीचंच.

मुलाच्या आईनं एकदम खालच्या आवाजात विचारलं, "तुझं लगन जमलं?"

"नाही."

"जमन तवा सांगशील त्यायले?"

मी पाण्याचा पेला उचलला. तेवढ्यात मुलगा पहिल्यांदा बोलला, "मी करतो टेस्ट." बापानं मान हलवली. मुलाच्या आईनं एक उसासा टाकला आणि म्हणाली, "करू दे. पन गोष्ट आता आमच्या सब सोयऱ्यायमंदी गेली आहे. पांढरं आलं अन् साक्षगंध झालं, तरी लोक त्या पोरीले नावं ठेवतीन. आमी सांगतलं त कोनी आयकनार नाही. तू शिकेल आहेस, तुलेही तेच आहे. साक्षगंधाले तू येजो अन् समद्यायसमोर सांगजो, जसं आता सांगतलं तसं. येशील?"

"येईन," मी म्हणाले. त्या घरातून बाहेर पडायला मी काहीही कबूल केलं असतं.

मुलाचं रक्त गेलं, रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. तोवर दोन भीत्या एकमेकींशी भांडत होत्या. पिवळं आलं तर त्या मुलीला जाऊन मीच सांगायचं. पांढरं आलं तर साक्षगंधाला जाऊन सगळ्यांसमोर स्वतःबद्दल सांगायचं. लाजेची गोष्ट आहे, पण लिहिते: एक-दोनदा मला वाटलं, पिवळंच यावं.

पांढरं आलं. आशाताई फोनवर ओरडून सांगत होत्या, आणि मी "वा, वा" म्हणत होते. साक्षगंध रविवारी ठरलं. मुलीनं स्वतः फोन केला. "ताई, मी रागानं बोलली होती. तुमी येजा. तुमी बोलल्या त मले आधार होईल." मी म्हटलं, येते.

रविवारी मी निघाले, हे खोटं नाही. चांगला ड्रेस घातला, आईला कॉलेजचा कार्यक्रम सांगितला आणि आमगावच्या स्टँडवर देवरीच्या बसची वाट बघत उभी राहिले. बस लागली. तिच्यात चढायला आमच्याच गल्लीतल्या एक काकू आल्या, मागं दोघी सुना, हातात मिठाईचा डबा आणि साडीची पिशवी. या काकू म्हणजे आमच्या वस्तीतली सोयरिकींची सगळी खबर. माझ्यासाठी आलेलं एक स्थळही त्यांच्याच माहेरकडचं होतं.

"कुठं चालली व पोरी? आमी चिचगडकडं चाललो, साक्षगंध आहे. तू?"

"गोंदियाले," मी म्हणाले. "कॉलेजले."

"आज आयतवारी?"

"सेमिनार आहे."

बस निघून गेली. काकू खिडकीतून हात हलवत होत्या. मी स्टेशनवर गेले, गोंदियाची गाडी धरली आणि खरोखरच गोंदियाला पोचले, जशा काही काकू मागून तपासायला येणार होत्या. कॉलेजच्या फाटकाला कुलूप होतं. चौकीदार म्हणाला, "आज तो छुट्टी है, मैडम." मी परत स्टेशनवर येऊन बाकावर बसले. तिथं दुपारी आशाताईंचे चार फोन आले. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. प्रत्येक फोनला वाटत होतं, तुटलं असेल. माझ्यामुळं दुसऱ्यांदा तुटलं असेल.

पाचवा उचलला.

"कुठं आहेस? तुझी वाट पाहून पाहून सब थकले. सोयरे कुजबुज करून राहिले होते. मुलाची माय म्हने, ते शिकेल पोरगी आली नाही, आता काय बोलायचं. मंग काय झालं मालूम? पोरगी सोताच उठली. हार घातलेली, पाटावरून उठली. म्हनली, माझं कार्ड पिवळं आहे, त्यायचं पांढरं आहे, आमच्या लेकरायले तो आजार होत नाही, कोनाले काही इचारायचं असन त आता मले इचारा. मागून इचारू नोका. मंग त्याच्या बापानंच पहिल्यांदा टाळी वाजवली. झालं साक्षगंध."

मला रडू आलं ते आनंदाचं होतं असं मी म्हणणार नाही.

आशाताई म्हणाल्या, "पोरगी तुले इचारत होती. मी सांगतलं, ताप आहे म्हनून."

गुरुवारी मी त्या टोल्यात गेले. मुलगी बायांबरोबर समाजमंदिराच्या पायरीवर बसली होती. मला पाहून उठली, पुढं आली आणि सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तिचा हात गार होता.

"उतरला ना ताप? म्या म्हनलंच होतं, बरं नसन म्हनून नाही आल्या. नाहीतर आल्याच असत्या."

"हो," मी म्हणाले. "उतरला."

तिच्या लग्नाला आता वर्ष होत आलं. मी एम.एस.डब्ल्यू. झाले, नोकरीही लागली आहे. वहीत त्या दिवसाच्या पानावर लिहिलं आहे, 'प्रकृतीच्या कारणास्तव विद्यार्थिनी उपस्थित राहू शकली नाही,' आणि खाली मॅडमची सही आहे. तिचा अधूनमधून केशोरीहून फोन येतो, तब्येतीला जपा म्हणते. मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.